गावाची अर्थव्यवस्था कशी बदलत गेली, हे तपासायचे कसे?

आधी बलुतेदारी, मग रोख पैसा, मग सहकार, मग खुला बाजार अशी उतरंड बहुतेक लिखाणात दिसते. प्रत्यक्षात जुनी व्यवस्था एका दिवसात जात नाही, एकेका कामातून निघून जाते. म्हणून अख्ख्या गावाचा इतिहास एकदम लिहायला घेऊ नका. सुताराचे काम, शेतमजुरी, पेरणीचे कर्ज, जमिनीचा खंड असे तीन-चार व्यवहार निवडा आणि तेवढेच ७०-८० वर्षे मागे नेत चला.

प्रत्येक व्यवहाराला चार प्रश्न लावा. मोबदला कशात मिळे? कधी मिळे, कामाच्या दिवशी, बाजारच्या दिवशी की सुगीत खळ्यावर? दर कोण ठरवी? आणि काम नाकारता येत होते का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धान्याऐवजी पैसे आले, पण तेच घर तेच काम करते आणि नाही म्हटले की गाव अंगावर येते, तर फक्त चलन बदलले. महार वतन याच कसोटीवर पाहा. वतनाची जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात राबवून घेणारी ती सक्ती होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले आणि कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. गावात सक्ती खरोखर कधी संपली, ते मात्र ज्यांच्यावर ती होती त्यांच्याच वस्तीतल्या वृद्धांना विचारा. पाटलाच्या वाड्यावर बसून याचे खरे उत्तर मिळणार नाही.

सुताराचा व्यवहार वेगळ्या वाटेने सुटला. वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची आणि खळ्यावर पेंढ्या, सुपाने धान्य घ्यायचे. नवी बैलगाडी केली तर तिचे पैसे निराळे. म्हणजे बलुते आणि रोख एकाच माणसाकडे एकाच वेळी नांदत होते. पुढे लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर, आणि दुरुस्तीच उरली नाही. ‘बलुते कधी बंद झाले?’ असे विचारू नका. ‘शेवटचे बलुते कोणाला, कोणत्या कामाचे दिले?’ असे विचारा. गुरवाचे बलुते सुताराच्या नंतरही टिकले असेल, तर कारण त्या कामातच सापडेल.

साल कोणाला आठवत नाही, म्हणून खुंट्या वापरा: कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ (तेव्हा सुकडी वाटली जाई), आणीबाणी. ‘सुकडी खाल्ली त्याच्या आधी की नंतर?’ या प्रश्नाला उत्तर लगेच येते.

आता कागद. तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून निवडक दहा-बारा गटांचे जुने सातबारे आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) काढा. फेरफारात खरेदी, वारस, कूळ, गहाण अशी कारणे असतात, दशकवार मोजा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले) कुळांच्या नोंदींचे काय झाले, ते नीट पाहा. ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा बोजा, म्हणजे गावच्या सहकारी संस्थेच्या कर्जाची नोंद, पहिल्यांदा कधी चढला, ती तारीख टिपा. पण सोसायटीचा बोजा आला म्हणजे सावकार गेला, हा निष्कर्ष काढू नका. सावकाराचे तोंडी कर्ज सातबाऱ्यावर येतच नाही.

मजुरी रुपयांत तुलना करून काही हाती लागत नाही. ती ज्वारीत मोजा. समजा तेव्हा मजुरी ३ रुपये आणि ज्वारी किलोला १ रुपया, तर दिवसाची ३ किलो. आज ४०० रुपये मजुरी आणि ४० रुपये भाव असेल, तर १० किलो. बाई आणि गडी यांचे आकडे वेगळे ठेवा. जुनी मापे गावागणिक बदलतात, तेव्हा शेर-पायली आधी त्याच गावच्या मापाने किलोत आणा. शिवाय रोजगार हमीचे काम जवळ सुरू झाल्यावर शेतावरची मजुरी हलली का, हे विचारा. दुसरीकडे काम मिळाले, की इथे ‘नाही’ म्हणता येते.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय शेतकरी आणि शेतमजूर यांचे आकडे मिळतात. तिथे एक मोठा खड्डा आहे. १९६१ मध्ये हंगामात थोडे नियमित काम करणारेही कामकरी धरले गेले, १९७१ मध्ये मुख्य काम कोणते, यावरच कामकरी ठरवले. त्यामुळे काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या कागदावर एकदम घसरलेली दिसते. त्या घसरणीवरून ‘बायका घरी बसल्या’ असे लिहू नका. त्या तेव्हाही खुरपतच होत्या.