आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नातवंडं येणार, नेमबाजी करायची आहे? मग आधी हे वाचा

साबण. बाकी काही राहिलं तर शेजारच्या मळ्यातून मागून आणता येतं, पण साबण पिशवीत टाकल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका. एअर रायफलचे छर्रे शिशाचे असतात. पोरं ते चिमटीत धरून मोजतात, खिशात कोंबतात, एकमेकांच्या हातावर ओततात आणि तेच हात घेऊन रसाच्या वाटीवर बसतात. आखाजीची खापरावरची पोळी रसात बुडवून हातानेच खायची असते, तिथे चमचा कोण मागतो?

मागच्या आखाजीला शेतावर सतरंजी नेली, पाण्याचा जार नेला, कैरी नेली, तिखट-मीठसुद्धा पुडीत बांधून नेलं. साबण तेवढा मी विसरले. धाकट्याचा गाल जरा फुगलेला दिसला म्हणून म्हटलं, "तुना तोंडमा काय शे रे?" त्याने हातावर थुंकलं, तर दोन छर्रे. शिकला कुणाकडून? आमचे हे तरुणपणापासून छर्रे ओठात धरून बंदूक भरतात. पोरं सांगितलेलं करत नाहीत, बघितलेलं करतात. तेव्हा आजोबांना आदल्या दिवशीच बसवून सांगा, तोंडात काही धरायचं नाही. रुसले तर रुसू द्या.

शिसं लहान पोरांच्या मेंदूला बाधतं, आणि इतकं चालेल अशी त्याची सुरक्षित मर्यादा नाही. सॅनिटायझरची बाटली घेऊन मिरवू नका. त्याने जंतू मरतात, शिसं हातावरच राहतं. बांधावरच्या मातीने हात घासायची आपली जुनी सवयही इथे नको. साबण आणि वाहतं पाणी, नखांच्या खालीसुद्धा. मध्ये कैरीची फोड खायची असेल तर आधी हात धुवायचे, मग परत बंदूक. कंटाळा येतो, येऊ द्या.

आता बंदूक. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. त्याच्या वरची असेल तर लागतो. दुकानदार ओळखपत्र मागेल ते द्या, बिल जपून ठेवा. छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, नेम धरायच्या कार्डाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना भांडणं होत नाहीत. लोखंडी गोल गोळ्या कुणी फुकट दिल्या तरी नको. कठीण जागी लागल्या की उलट्या उसळतात.

बॅरल मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, भरायची स्प्रिंगची बंदूक असेल तर मोडायचं काम मोठ्यांचंच. छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरून ठेवा. ती मध्येच सुटून मिटली तर बोट चेचतं, आणि ते बोट पोराचं असेल तर लेक आणि जावई पुढच्या सुट्टीत येतील की नाही सांगता येत नाही. नातवंडाला घाई झालेली असते, "आजी, मी भरतो, मी भरतो." नाही म्हणजे नाही. छर्रा न घालता नुसता घोडाही ओढू देऊ नका, आतल्या पिस्टनला मार बसतो.

जागा. दहा मीटर मोजा, टेपने, पावलांनी नको. ताठ चालणाऱ्या आजोबांचं पाऊल आणि गुडघे दुखणाऱ्या आजीचं पाऊल एक नसतं. मागे काय आहे ते बघा, मग पुढचं बघा. चुकलेला छर्रा शंभर-दीडशे मीटर सहज जातो. बांधावरून कुणी म्हशी घेऊन येत असेल तर? आमच्याकडे केळीचे रिकामे खोके पडलेले असतात. त्यात रद्दी ठासून भरायची, हलणार नाही इतकी गच्च, वीतभर तरी जाड, आणि तो खोका दार-खिडकी नसलेल्या भिंतीला टेकवून ठेवायचा. दगड, पत्रा, फळी नको. छर्रा त्यावरून परत येतो. खोका ठिबकच्या नळ्यांपासून लांब ठेवा. एक भोक पडलं की चार दिवस गडी तुम्हाला ऐकवतो. डोळ्यांना चष्मे सगळ्यांना, नुसतं बघत बसलेल्यांनाही.

पाखरांवर नेम धरायचा नाही. पोपट केळीची नासाडी करतो म्हणून आजोबांचे हात शिवशिवतात, पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे नातू बघतोय.

वेळ सकाळची. सहाला सुरू करा, नऊच्या आत आटपा. आपल्याकडचा मे महिना बाहेरच्यांना सांगून पटत नाही. उन्हात ठेवलेल्या बॅरलला हात लावला की आपोआप पटतो. सकाळी वाराही पडलेला असतो. सूर्य पाठीशी घ्या. साबण घेतला ना? की पुन्हा "तिथे असेल" म्हणून निघालात? तिथे नसतो. मोटरीच्या खोलीत कपड्याच्या साबणाचा वाळलेला तुकडा असतो आणि त्यावर मुंग्या.

आपल्या डोळ्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. नेम धरताना बंदुकीवरची मागची खाच, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, आणि कार्ड, तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. तरण्या डोळ्यांनाही नाही. माशी स्पष्ट हवी, कार्ड धुरकट चालतं. आपल्याला उलटं होतं, लांबचं कार्ड लख्ख आणि माशी गायब. दोन भिंगांचा चष्मा असेल तर मान वर-खाली करण्यातच जीव जातो. डॉक्टरांना बंदुकीच्या माशीचं अंतर सांगून तेवढ्यासाठी एक साधा चष्मा करून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर बंदुकीचा धक्का घ्यायचा की नाही, हे त्यांनाच विचारा.

नातवंडांना बसवून, पुढे वाळूची पिशवी ठेवूनच सुरू करा. २०२४ला पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हापासून थोरल्याला गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, तिन्ही एकाच सकाळी करायचं असतं. करू देऊ नका. उभ्याने बंदूक पेलत नाही, टोक खाली जातं, मग पोर कंबर वाकडी करून पेलतं आणि तीच सवय लागते. श्वास अर्धा सोडून थांबायचं, घोडा हळूच ओढायचा. तो सुटला कधी हे आपल्यालाच कळू नये, असा.

कार्ड पिस्तुलाचं लावा, रायफलचं नको. रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, त्यावर आठ वर्षांचं पोर रडतं. पिस्तुलाच्या कार्डावर तो साडेअकरा मिलिमीटर. स्पर्धेत साठ फैरी असतात, आपल्या पोरांना वीस पुरे. विसाव्यापर्यंत हात थरथरायला लागतात, आपलेही.

आणि आज्यांनो, तुम्ही नुसत्या पाणी द्यायला जाऊ नका. उत्तर प्रदेशात बागपतकडे जोहडी गावची चंद्रो तोमर साठीनंतर नातीला शिकायला घेऊन गेली आणि स्वतःच नेमबाज झाली. पाठोपाठ तिची जाऊ प्रकाशीही. डोक्यावर पदर ठेवून दोघी स्पर्धा जिंकायच्या. २०२१मध्ये चंद्रो गेली. माझ्या जाऊबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, आधी माझा खांदा बरा होऊ दे.

झालं की सांडलेले छर्रे वेचा, कोंबड्या टिपतात. वेचायचं काम मोठ्यांचं. खोक्यातली रद्दी चुलीत घालू नका, तिच्यात शिसं आहे. डबीचं झाकण लावा. मग साबण. जेवायच्या आधी, प्रत्येकाचा, आजोबांचासुद्धा. पोरांचे कपडे बदला, खिसे उलटे करा, धुवायला वेगळे टाका.

गुण घरी मोजा. बॅरल पुसा. बंदूक रिकामी आहे हे दोघांनी बघा, मग कुलपात. छर्रे दुसऱ्या कपाटात. किल्ली देवघरात ठेवू नका, ती जागा पोरांना पहिल्या दिवशीच सापडते.