उन्हात देशी फुलझाडं टिकत नाहीत? या चुका टाळा

दुपारी कोरांटीची पानं मलूल दिसली की आपण लगेच पाइप घेऊन धावतो, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कडक उन्हात मुळाशी ओल असली तरी पानं मान टाकतात, ऊन उतरलं की आपोआप सावरतात. सकाळीही तशीच दिसली तर मात्र तहान लागलीये किंवा मुळं सडलीयेत, कारण सडक्या मुळांचं झाडसुद्धा तहानल्यासारखंच दिसतं. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, ओल लागली तर पाणी नको.

माझा एक तरवड असाच गेला. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालत होते, शेवटी उपटला तर मुळं काळी पडलेली, साल चिमटीत निसटून येत होती आणि कुबट वास. खूप वाईट वाटलं. ही मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीतली झाडं, आणि रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या चार बोटांतच राहतात, जिथे माती सगळ्यात जास्त तापते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच, पण सावकाश आणि फूटभर खोल मुरेल इतकं द्या, सकाळी लवकर, आणि आळं खोडाला चिकटून नाही तर पानांच्या घेराखाली करा. पण देशी आहे, जगेल आपलं आपण, म्हणून नवीन रोप वाऱ्यावर सोडू नका, पहिलं वर्षभर त्याला लक्ष लागतंच.

अजून एक, ऊन सोसतं म्हणजे देशी असं नसतं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची, झेंडू मेक्सिकोकडचा. ती लावायला हरकत नाही, पण घाणेरी प्लीज नको, तीही अमेरिकेकडचीच आणि तिने आपली जंगलं व्यापून टाकलीयेत. देशीच हवं तर तरवड, कोरांटी, धायटी, रुई लावा, अबोलीही छान, फक्त तिला दुपारची थोडी सावली द्या.

झाड हिरवंगार पण फूल नाही? बहुतेक युरिया किंवा शेणखत जास्त झालंय. थांबवा.

तरवडाचं बी उगवत नसेल तर त्याचं कवच कडक असतं म्हणून, पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला थेट जागेवरच पेरलेलं बरं, कारण सोटमूळ खोल जातं आणि मोठं रोप हलवलं की ते तुटतं. कुंडीत लावायचं असेल तर काळी प्लास्टिकची नको, उन्हात मुळं अक्षरशः शिजतात. वाळक्या पानांचा दोन-तीन इंच थर मातीवर पसरा, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

आणि तरवडावर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका हो, बऱ्याचदा फिकट पिवळ्या फुलपाखरांची पिल्लं असतात ती, खाल्लेली पानं परत फुटतात.