झीलकरी पाहिजेत: मुंबईत जंप ब्लूज बँड जमवायचा तर

बँड काढायचाय म्हणत येणारा माणूस दहातल्या नऊ वेळा गिटारवाला असतो. त्याला मी आधी बसवते, चहा देते आणि सांगते की बाबा, तुझा नंबर सहावा. आधी ड्रमर, मग बेस, मग फुंकणारे तिघं, मग तू. तोवर पियानोवाला मिळाला तर तू सातवा.

मी आल्टो सॅक्सोफोन वाजवते. दिवसा विम्याच्या ऑफिसात क्लेमचे कागद तपासते. वडील लालबागच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे आमच्या घरातली भांडणं रीड, वंगण आणि सुपारीच्या तारखा यांवरून व्हायची. आमचा सात जणांचा बँड अकरा वर्षं चाललाय. मधे एकदा फुटलाही, आणि तो माझ्याच निवडीमुळे फुटला. सात जण घेतले होते आणि सातही हौशी एकलवादक. गायिका ओळ संपवायच्या आत तिघं एकदम आत घुसायचे. सहा महिन्यांत कुणी कुणाशी बोलेना.

जंप ब्लूज म्हणजे काय हे माहीत असेल तर माणसं निवडणं सोपं जातं. मोठ्या स्विंग बँडला पंधरा-सोळा वादक लागत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एवढ्या माणसांना पगार देऊन गावोगाव फिरवणं परवडेनासं झालं. लुई जॉर्डन तर त्याआधीच, १९३८ साली, ड्रमर चिक वेबच्या मोठ्या बँडमधून बाहेर पडला होता आणि त्यानं मोजक्या माणसांत तोच दणका बसवला. तोच हा जंप ब्लूज. त्याच्या बँडचं नाव टिम्पनी फाइव्ह, पण वाजवायला पुष्कळदा पाचाहून जास्तच असत. तो स्वतः आल्टो वाजवायचा, गायचा आणि मधे मधे लोकांशी बोलायचा. ते बोलणं ऐकलं की मला तमाशातली बतावणी आठवते. विषयही तसेच: खाणं, पिणं, भांडखोर बायको, घरमालक.

आता हे आपल्या भाषेत मांडते. गायक हा शाहीर. ट्रम्पेट, आल्टो आणि टेनर (आल्टोहून मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन) हे तिघं झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, दोन-तीन सुरांचं उत्तर देतात आणि गप्प बसतात. सगळं गाणं त्या गप्प बसण्यावर उभं असतं. म्हणून मी आता कुणालाही घेताना तो काय वाजवतो ते नंतर ऐकते. आधी त्याला चार मात्रा थांबायला सांगते. थांबता आलं नाही तर चहा पाजून घरी पाठवते.

ड्रमरपासून सुरुवात करू. मुंबईत चांगले ड्रमर ऑर्केस्ट्रात मिळतात, पण त्यांना दर चौथ्या बारला रोल (काठ्यांचा सलग कडकडाट) मारायची सवय असते आणि एक हात सारखा ऑक्टोपॅडकडे जातो. माझी परीक्षा ठरलेली आहे. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रा. पहिले चार बार ‘सा’च्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर), दोन ‘म’च्या, दोन परत ‘सा’च्या, मग एक ‘प’, एक ‘म’ आणि शेवटचे दोन ‘सा’. अशी दहा आवर्तनं मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत वाजवायची आणि एकही रोल मारायचा नाही. जेमतेम साडेतीन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे आठ जण आले होते, त्यातले सहा दुसऱ्याच मिनिटाला रोल मारून मोकळे झाले. सातव्यानं नीट वाजवलं, पण पूर्ण वेळ माझ्याकडे रागानं बघत. तोच अजून आमच्यात आहे.

शफल, म्हणजे या संगीताचा झुलता ठेका, समजावताना नोटेशन काढू नका. एका मात्रेचे तीन समान भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गिळा. एवढंच. ज्यानं ढोलकी जवळून ऐकलीय त्याला हा झोका लगेच कळतो. टाळीचं मात्र वेगळं. आपल्याकडे आरतीची टाळी एक आणि तीनवर पडते, ही टाळी दोन आणि चारवर. आमच्या ड्रमरला हे शिकवायला पाच मिनिटं लागली, प्रेक्षकांना अकरा वर्षांत शिकवता आलेलं नाही.

बेसवाला इलेक्ट्रिक बेस वाजवत असला तरी चालेल, फक्त त्याला सांगायचं की टोनचा कान पिळून आवाज बोथट कर आणि प्रत्येक मात्रेवर एक पाऊल टाक. पुढची कॉर्ड यायच्या आधीची मात्रा तिच्या अर्ध्या सुरानं वर किंवा खाली घे, म्हणजे कान आपोआप पुढे ढकलला जातो. डबल बेस, म्हणजे उभ्यानं वाजवायचा लाकडी बेस, असेल तर आवाजाला जो लाकडी गाभा येतो त्याला तोड नाही. पण मग वाहतुकीचा विचार आधी करा. हे धूड जवळजवळ सहा फूट. काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तेव्हा टपावरच्या कॅरियरला चादरीत गुंडाळून बांधायचो. २०२३ मध्ये त्या बंद झाल्या. आताच्या टॅक्सीत डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे पुढची सीट पूर्ण मागे पाडून बेस आत सरकवायचा आणि बेसवाल्यानं मागे मान वाकडी करून बसायचं. लोकलचा लगेजचा डबा स्वस्त पडतो, पण रविवारी दुपारीच. एकदा संध्याकाळी गेलो तर मासळीच्या रिकाम्या टोपल्या बेसच्या खांद्यावर ठेवलेल्या. मावशी म्हणाली, एवढं मोठं कपाट आणलंस तर त्यावर काही ठेवायचं पण नाही का?

फुंकणारे शोधणं हा खरा घोर. हा वाद्यांचा शौक महाग, शेजारी वैतागतात, त्यामुळे तरुण मुलं क्वचितच मिळतात. मी दोनच ठिकाणी शोधते: चर्च आणि लग्नाचे बँड.

आमचे ट्रम्पेटवाले अंकल माझगावचे, गोंयकार. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवायची जुनी रीत होती, म्हणून मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये इतके गोव्याचे वादक दिसले. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन वाजवत होते, त्यांचं ऐकून इथल्यांनी उचललं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्याच परंपरेतले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. कुणी ‘हे परकं कशाला वाजवता’ म्हणालं की मी वाद घालत नाही, ‘अलबेला’ लावते. अंकलना कागद समोर ठेवला की पहिल्याच वाचनात चोख वाजवतात. कागद नसला तर हात चालत नाही.

टेनरवाला बरोबर उलट. तो लग्नाच्या बँडमधला, मूळचा क्लॅरिनेटवाला. क्लॅरिनेटवरून सॅक्सवर यायला फार दिवस लागत नाहीत, बोटं बरीचशी तीच. चारशे गाणी पाठ, कागद मात्र कोरा. मग मी एकाच पीसची दोन रूपं करते. अंकलना नोटेशन, आणि टेनरवाल्याला फोनवर सरगम गाऊन पाठवते. त्याला ‘ब्लू नोट’ समजावली तीही अशीच: कोमल गंधारावरून शुद्ध गंधाराकडे सरकायचं आणि कधी कधी पोचायचंच नाही. तो म्हणाला, म्हणजे जोगसारखे दोन्ही गंधार? म्हटलं हो, पण जोग वाजवू नकोस.

तिघांना सूर वाटताना ‘सा’ कुणालाच देऊ नका, तो बेसकडे आहेच. ग, प आणि कोमल नी हे तिघांत वाटा. तीन माणसांत मोठ्या बँडचा भास होतो तो या कोमल नीमुळे. आणि तिघांनी सूर एकाच वेळी सोडायला शिका. सुरुवात सगळेच एकत्र करतात, शेवट कुणी करत नाही. आम्ही एक अख्खा महिना फक्त सूर सोडण्याची तालीम केली. ड्रमर तेव्हा पेपर वाचायचा.

पट्टीवरून गिटारवाल्याशी भांडण होणार, त्याची तयारी ठेवा. ट्रम्पेट आणि टेनर बी फ्लॅटची वाद्यं, आल्टो ई फ्लॅटचं; म्हणजे कागदावरचा सी वाजवला की त्यांच्यातून बी फ्लॅट निघतो, माझ्यातून ई फ्लॅट. हार्मोनियमच्या भाषेत काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट, घेतली तर त्या दोघांना सी मध्ये वाजवायचं, मला जी मध्ये. पांढरी चार, म्हणजे एफ, घेतली तर त्यांना जी, मला डी. सगळे सुखी. गिटारवाल्याला मात्र पांढरी तीन, म्हणजे ई, हवी असते, कारण त्याच्या मोकळ्या तारा तिथे बोलतात. तेव्हा त्या दोघांच्या कागदावर सहा शार्प (अर्ध्या सुरानं चढवलेले सूर) चढतात आणि माझ्या कागदावर सात. गाणारीचा गळा ज्या पट्टीत मोकळा, ती पहिली, फुंकणाऱ्यांची सोय दुसरी आणि गिटार शेवटी. त्याच्याकडे सगळे फ्रेट आहेत, सरकू दे त्याला.

गिटार आणि पियानोबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. दोघांनी एकाच वेळी भरगच्च कॉर्ड वाजवू नयेत. एकानं चौक भरला तर दुसऱ्यानं गल्लीत थांबावं.

गाणारी व्यक्ती गोड गळ्याची नको. भाजीबाजारात ज्याचा आवाज तीन गाळे पलीकडे जातो असा माणूस हवा. आमची गायिका नाट्यसंगीत शिकलेली, पहिले काही महिने प्रत्येक ओळीला तान जोडायची. मग तिला सांगितलं, समोरच्या चाळीतल्या बाईशी नळावरून भांडतेयस असं गा. तेव्हापासून झकास. दोन गाणी आम्ही मराठीत रचली, एक पाण्याच्या वेळेवर आणि एक पागडीच्या खोलीवर. लोक तीच परत मागतात.

माणसं जमवायचा महिना कोणता? आषाढ. लग्नाचे मुहूर्त संपलेले असतात, बँडवाले दुकानात पत्ते खेळत बसलेले असतात, तेव्हा जाऊन बोला. श्रावणात तालमी होतात. गणपतीचे दहा दिवस कुणाचं नाव घेऊ नका. तुळशीची लग्नं लागली की टेनरवाला तुमचा राहत नाही, आणि डिसेंबरात अंकल चर्चचे. म्हणून तालमीच्या खोलीत कालनिर्णय टांगलेलं आहे. मुहूर्ताच्या तारखांना लाल गोल, २४, २५ आणि ३१ डिसेंबरला निळा. कोऱ्या तारखाच आमच्या. शिवाय प्रत्येक जागेवर एक बदली माणूस नोंदवून ठेवा आणि वर्षातून दोनदा त्याला तालमीला बोलवा, नाहीतर ऐन वेळी तो सगळं भलत्याच पट्टीत वाजवेल.

पावसाळ्यात सॅक्सचे पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, फुगून चिकटतात. त्याखाली सिगारेटचा पातळ कागद ठेवून हलकं दाबायचं आणि काढायचं, ओल निघते. माझ्या पर्समध्ये कायम त्या कागदाचं पाकीट असतं. ऑफिसात एकदा ते खाली पडलं, तेव्हापासून साहेब माझ्याशी जरा आदरानं बोलतात. डबल बेस मात्र एसीच्या झोतात ठेवू नका. ओलाव्यात लाकूड फुगतं, एसीत आक्रसतं, आणि या ओढाताणीत सांधे सुटतात.

पैशाचं आधी बोला. उपनगरातल्या एका हॉटेलवाल्यानं आम्हाला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत चार महिने फिरवलं आणि शेवटी जेवणाचे पैसे कापून दिले. वडिलांचा नियम मी विसरले होते: अर्धी सुपारी हातात आल्याशिवाय वाद्य पेटीतून काढायचं नाही. आता जेवण धरलेलं आहे की नाही हेही लिहून घेते. बिदागीचे आठ भाग होतात. सात माणसांचे सात सारखे, गाणारीलाही तेवढाच, आठवा बेसच्या टॅक्सीला, रीड आणि कातडी दुरुस्तीला. गिटारवाल्यानं एकदा सुचवलं की बँडचं नाव त्याला सुचलं, तर त्याला थोडं जास्त मिळावं. सगळे चार मात्रा थांबले.

गेल्या मार्गशीर्षात माझ्याकडूनच एक लाल गोल राहून गेला. टेनरवाल्याची परळला वरात आणि आमचा कार्यक्रम एकाच संध्याकाळी. बदली माणूस तापानं पडलेला. पहिली चार गाणी आम्ही दोघांवर रेटली, कोमल नी मी घेतली, ग अंकलनी, ‘प’ कुणीच नाही. पाचव्याला तो मागच्या दारातून आला, तसाच, वरातीच्या लाल कोटात, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. कपडे बदलायला वेळच नव्हता. नाचणारे थांबून टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. आता त्या जागेचा मॅनेजर दर वेळी फोनवर विचारतो, लाल कोट घालून येणार ना सगळे? दुकानातून भाड्यानं सात कोट आणता येतात, मुहूर्त नसेल तेव्हा स्वस्तही पडतात. वडिलांचा जुना एक माझ्याकडे आहे, पण बाह्या लांब होतात आणि सॅक्सच्या चाव्या दाबताना झालर अडकते. शिंपी म्हणतो मंगळवारी देतो.