पडके वाडे, ओस गावं बघायला जायचंय? मग असं जा

उन्हाळा जवळ आला की मला हमखास कोणीतरी विचारतं, की तू त्या पडक्या वाड्यांमध्ये, ओसाड जागांमध्ये फिरतेस ते नक्की कसं, परवानगी लागते का, भीती नाही वाटत का, आणि मुळात तिथे बघण्यासारखं असतं तरी काय. सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण त्याचं उत्तर नसेल तर बाकीच्या तयारीला अर्थ नाही.

साताऱ्याकडच्या एका गावात एक बंद वाडा आहे, मालक काका ऐंशीच्या पुढचे, त्यांनी स्वतः कुलूप काढून दाखवला. सोप्यात तुळईला झोपाळ्याच्या दोन लोखंडी कड्या तशाच होत्या, झोपाळा कधीच गेलेला. टॉर्च मारून बघितलं तर कडीचा वरचा भाग बोटाएवढा जाड आणि खालचा, जिथे साखळी घासायची तो, झिजून निम्माही राहिला नव्हता. लोखंड एवढं झिजायला किती वर्षं कोण कोण झुललं असेल! मागे परसात आड, त्याच्या काठाच्या दगडाला दोराने पडलेले चरे, करंगळी आत बसेल एवढे खोल, आणि सगळे एकाच बाजूला, कारण स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला. हे बघायला जायचं असतं. राजवाड्यात, म्युझियममध्ये वस्तू मांडून ठेवलेल्या असतात, इथे माणसं उठून गेलेली असतात आणि त्यांचं रोजचं वागणं दगडात लाकडात राहिलेलं असतं. भूतबित, थ्रिल, रील यासाठी जायचं असेल तर पुढचं फार उपयोगाचं नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर कुठल्याही अनोळखी खंडहरात घुसू नका, वसईच्या किल्ल्यापासून सुरू करा. वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा मिळते. जागा संरक्षित आहे, उजेडात जायला कोणाची ना नाही, आत रस्ता आहे, आजूबाजूला किल्लाबंदरच्या कोळ्यांची वस्ती आहे, म्हणजे पडकी जागा असूनही तुम्ही एकटे नसता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली, मधल्या दोनशे वर्षांत तिथे एक अख्खं शहर उभं राहिलं, चर्च, मठ, घरं, रस्ते. आपण शाळेत फक्त लढाई शिकतो, शहर कोणी सांगत नाही. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या, त्यावरून लोक सर्रास चालत जातात. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना, तेव्हा अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि दुपारी सपाट दिसणारी तीच शिळा वाचता येते. वाचायला सोपं जावं म्हणून खडू घासणं, पाणी ओतणं असलं काही करायचं नाही, मोबाईलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरला तरी पुरतं.

आणि वसई बघून झाली की जमलं तर वाईजवळ मेणवलीला जा. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक भली मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७०७ सालची, वसईच्या विजयानंतर इकडे आलेली. भीमाशंकरलाही तशीच एक आहे. वसईतले रिकामे मनोरे आधी बघितलेले असले ना, की ती घंटा बघताना वेगळंच वाटतं. माझा नियमच झालाय, कुठल्याही पडक्या जागेतून काय नाहीसं झालंय ते बघायचं आणि ते कुठे गेलं याचा माग काढायचा.

आता परवानगी. हा विषय लोक उडवून लावतात आणि मग गोत्यात येतात. ओसाड दिसते म्हणजे जागा बेवारस असते असं नाही, महाराष्ट्रात बेवारस जागा जवळजवळ नसतेच, प्रत्येक पडक्या भिंतीला मालक असतो आणि बऱ्याचदा तो एक नसून सतरा असतात. गावात गेलात की आधी पारावर नाहीतर चहाच्या टपरीवर बसा, चहा घ्या, वाडा कोणाचा विचारा. भाऊबंदकीचा वाद कोर्टात चालू असेल तर एका चुलतभावाने हो म्हटलेलं दुसऱ्याला चालत नाही, हे मला एकदा चांगलंच नडलंय, चौकात उभं राहून दोन घरांचं भांडण ऐकावं लागलं होतं. म्हणून सरळ विचारायचं, काका अजून कोणाला सांगायला हवं का. अगदीच कळत नसेल तर गावठाणातल्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असते, शहरात प्रॉपर्टी कार्ड असतं. न विचारता आत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरू शकतो, दार उघडं होतं ही काही सबब होत नाही.

अजून एक गोष्ट जी शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे गुप्तधन. गावात कोणी अनोळखी माणूस पडक्या वाड्याभोवती घुटमळताना दिसला की पहिला संशय हाच, की खोदायला आलाय. आणि संशय उगाच नसतो, कित्येक वाड्यांची बळदं (धान्य साठवायच्या जागा), देवघरं, जोती (घराचे चौथरे) लोकांनी हंडे शोधायला खणून ठेवलीयत, ते बघून खरंच पोटात कालवतं. त्यामुळे कुदळ, पहार, मेटल डिटेक्टर असलं काही गाडीतसुद्धा ठेवू नका, संध्याकाळनंतर थांबू नका आणि अमावस्या-पौर्णिमेला तर जाऊच नका.

मुंबईच्या गिरण्यांबद्दलही विचारणा होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव परत पहिल्यासारखं झालं नाही. उरलेल्या गिरण्यांच्या आत चोरून जायचं मी कोणालाच सुचवणार नाही, गंजलेले पत्रे, उघडे खड्डे, सिक्युरिटी, सगळंच धोक्याचं. लालबाग-परळच्या रस्त्यावरून गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या बघा, आणि जवळच्या चाळीत कोणी जुने कामगार ओळखीचे निघाले तर त्यांच्यापाशी तासभर बसा, आतलं साचाखातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचा विभाग, ते तुम्हाला डोळ्यासमोर उभं करून देतील.

आता धोके, इथे घाई करू नका वाचायला.

वाड्याचा वरचा मजला सगळ्यात फसवा. लाकूड वरून ठणठणीत दिसतं आणि आतून वाळवीने पोकळ केलेलं असतं. वर जाण्याआधी खालून तुळयांची टोकं बघा, जिथे ती भिंतीत शिरतात तिथे, ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. काठीने ठोकून बघा, भरीव लाकूड टणटण वाजतं, पोकळ भदभद. तरीही वर जायचंच असेल तर एकावेळी एकाने, भिंतीच्या कडेकडेने चालायचं, खोलीच्या मध्यातून कधीच नाही. शंका आली की खालूनच नमस्कार करायचा. मातीच्या भिंती आणि माळवदं (मातीची सपाट छपरं) पावसात पाणी पिऊन जड होतात आणि पाऊस थांबल्यावरही कोसळतात, म्हणून मी जूनपासून दिवाळीपर्यंत वाड्यात पाऊल टाकत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, गवतही वाळलेलं असतं आणि पायाखालचं दिसतं. पायाखालचं दिसणं किती गरजेचं आहे ते आडाला कठडा नसेल तेव्हा कळतं. परसात शिरताना पुढे काठी टेकत जायचं, घाणेरी माजलेली असेल तिथे तर नक्कीच.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार लक्षात ठेवा. दगड उचलायचा नाही, कोनाड्यात टॉर्च मारल्याशिवाय हात घालायचा नाही, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पॅन्ट. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, त्या माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. मण्यारीचा दंश कधीकधी दुखतही नाही म्हणून लोक घरी जाऊन झोपतात आणि तिथेच घात होतो. आग्या मोहोळ किल्ल्यांवर आणि उंच कमानींना हमखास असतं, परफ्यूम लावून जाऊ नका, खाली आरडाओरडा नको, धूर तर अजिबात नको. आणि वटवाघळांची खोली असेल तर आत न गेलेलंच बरं, त्यांच्या विष्ठेत वाढणारी बुरशी श्वासातून फुफ्फुसात जाते. जावंच लागलं तर एन-९५ मास्क, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

एकटीने जाऊ नका, एकट्यानेही नाही. तीन जण बरे, एकाला काही झालं तर एक जवळ थांबतो आणि एक मदतीला जातो. नेटवर्क नसणार हे धरून चाला, घरी सांगून जा कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत फोन येईल ते. सामान फार नको: दोन टॉर्च, पाणी, काठी, वही-पेन्सिल, प्रथमोपचाराचं पाकीट.

आत गेल्यावर बघायचं कसं? पहिली दहा मिनिटं फोन खिशात. फोटो काढायला लागलं की डोळे बघायचं बंद करतात, माझा अनुभव आहे. उंबऱ्यापाशी उभं राहून आधी ठरवायचं की या घरात सकाळ कशी होत असेल. पाणी कुठून यायचं, चूल कुठे, धूर कुठून बाहेर जायचा, पाहुणा कुठपर्यंत येऊ शकायचा. ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर असं आत जाताना प्रत्येक दार आधीच्यापेक्षा बुटकं होत जातंय का बघा. चुलीमागची भिंत काळीकुट्ट असते पण त्यात कधीकधी एक चौकोन फिकट दिसतो, तिथे भांड्यांची मांडणी टांगलेली असायची. जमिनीत गोल झिजलेली जागा दिसली तर तिथे जातं होतं, आणि ते खिडकीच्या उजेडात होतं की अंधाऱ्या कोपऱ्यात, एवढ्यावरून सुद्धा पहाटे कोण कुठे बसून दळत होतं ते दिसायला लागतं.

गावच्या गाव बघायचं असेल तर गोव्यातलं कुर्डी. सांगे तालुक्यात साळावली धरण झालं आणि १९८६ साली गाव पाण्याखाली गेलं. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मे महिन्यात गाव वर येतं, जांभ्याची जोती, विहिरी, वाटा, तुळशीवृंदावनं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, त्यांच्या आडनावातलं गाव आता वर्षातले थोडेच दिवस उघडं असतं. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन् दगड सोडवून दुसरीकडे नेऊन उभं केलं, गाव मात्र तिथेच राहिलं. मे महिन्यात मूळचे गावकरी परत येतात, सोमेश्वराचा उत्सव होतो, चॅपेलचं फेस्त होतं. तुम्ही त्या वेळी गेलात तर हे पक्कं डोक्यात ठेवा की ते आपल्या घरी आलेत आणि आपण पाहुणे आहोत. कोणी जोत्यावर बसलेलं असेल तर ते त्याचं घर आहे, फोटोसाठी बाजूला व्हा म्हणायचं नाही. जोत्यावर चढताना मी चप्पल काढते, कोणी सांगितलं नाही, पण पाय पुढे जात नाही. आपल्याकडे उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळही असंच आहे, दुष्काळी उन्हाळ्यात उघडं पडतं. तिथे चिखलात उतरू नका, वरून सुकलेला दिसतो आणि पाय आत जातो, स्थानिक मच्छीमारांना विचारूनच पुढे व्हा.

काहीही उचलून आणायचं नाही. खापराचा तुकडा नाही, गंजलेली कडी नाही, जुनं पत्र तर अजिबातच नाही. संरक्षित वास्तूला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या कडीला अर्थ आहे तो ती त्या तुळईला आहे म्हणून. आणि पत्ता जाहीर करू नका. किल्ला सगळ्यांना माहीत असतो, त्याचं ठीक आहे, पण एखाद्या बंद वाड्याचं लोकेशन टाकलंत की महिन्याभरात त्याची कोरीव गणेशपट्टी जुन्या बाजारात गेलेली असते. मी तालुकासुद्धा लिहीत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री वहीत लिहून काढा, खोल्यांचा कच्चा नकाशा, कोण काय म्हणालं, कुठला शब्द वापरला. दोन दिवसांनी निम्मं विसरायला होतं. सहा महिन्यांनी परत जा, त्याच जागी, पहिल्या वेळी न दिसलेलं दिसतं. आणि चांगल्या फोटोंच्या प्रिंट काढून मालकांना नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही.

त्या साताऱ्याकडच्या काकांना मी बारा प्रिंट दिल्या होत्या. दरवाजा, चौक, देवळी, सगळं त्यांनी भराभर बघून बाजूला ठेवलं आणि आडाच्या चऱ्यांचा फोटो हातात धरून बसले. बोट ठेवून सांगितलं, हा कडेचा एकटा आहे ना, हा आमच्या आईचा, ती डावखुरी होती. मी तो दगड दोनदा बघितला होता, वहीत चऱ्यांची संख्याही लिहिली होती, पण कडेचा तो एक वेगळा का ते मला सुचलं नव्हतं. आता पुढच्या वेळी काकांना आडापर्यंत घेऊन जायचंय, पायऱ्या उतरवत नाहीत त्यांना एकट्याने, म्हणून गावातल्या दोन पोरांना सांगून ठेवलंय.