पायलट व्हायचंय? पदवी आणि परवान्याच्या वाटेवर या चुका टाळा

विमानचालनाच्या पदवीची दोन वर्षं झाली होती आणि प्रायव्हेट पायलट लायसन्सही हातात आलं होतं. तोवर खालच्या दर्जाच्या मेडिकलवर, दिवसाच्या उजेडातली उड्डाणं सुरू होती. मग पहिल्या दर्जाच्या, म्हणजे क्लास वन मेडिकलला गेल्यावर डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं आणि त्याला अर्ध्याहून जास्त पानांवरचे आकडे दिसलेच नाहीत. तो माझा विद्यार्थी होता आणि विमान उत्तम उडवायचा. एका दिवसाची तपासणी दोन वर्षं लांबली, एवढंच त्याचं चुकलं होतं.

ग्राउंड स्कूलमध्ये, म्हणजे पायलटांच्या जमिनीवरच्या वर्गांत, शिकवताना मी हे पुन्हा पुन्हा पाहतो. मुलं उड्डाणात फारशी मागे पडत नाहीत. जो प्रश्न आधी विचारायला हवा तो शेवटी विचारला जातो, आणि तिथेच गाडी अडते. म्हणून खालच्या चुका मी गंभीरपणाच्या नव्हे, तर त्या ज्या क्रमाने वाटेत येतात त्या क्रमाने मांडतो आहे.

मेडिकल मागे ठेवणं

प्रवेश अर्ज भरण्याआधी, पैसे भरण्याआधी तर नक्कीच, क्लास वन मेडिकल करून घ्या. एअरलाइनमध्ये उडवायचं असेल तर हे प्रमाणपत्र लागतंच. ते एकदा मिळून भागत नाही, ठरावीक मुदतीने पुन्हा मिळवावं लागतं. साधारणपणे चाळिशीच्या आत ते वर्षभर चालतं.

चष्मा आहे म्हणून स्वप्न सोडणारी मुलं अजूनही भेटतात, याचं मला फार वाईट वाटतं. युरोपच्या नियमांत प्रत्येक डोळ्याची दृष्टी चष्म्यासह किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ लागते. चष्मा लावून चालतो, फक्त सोबत दुसरा चष्मा ठेवावा लागतो. लेझर शस्त्रक्रिया झाली असेल तरी दृष्टी स्थिर झाल्यावर, तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ही शस्त्रक्रिया मेडिकलच्या तोंडावर करून घेऊ नका.

रंगदृष्टीच्या ठिपक्यांच्या चाचणीत नापास झालात तर तिथेच थांबू नका. ती फक्त पहिली चाळणी असते. पुढे दिव्यांची किंवा संगणकावरची सविस्तर चाचणी असते. त्यात दोष सौम्य ठरला आणि तुम्ही सुरक्षितपणे रंग ओळखू शकता असं दिसलं, तर वाट मोकळी होते. माझ्या त्या विद्यार्थ्याला मात्र त्या चाचणीतही यश आलं नाही. आज तो विमानतळाच्या कामकाज विभागात आहे आणि चांगलं काम करतो. पण ती निवड त्याने दोन वर्षं आधी, डोळसपणे केली असती तर बरं झालं असतं.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे लपवणं. नैराश्यावरचे उपचार, एकाग्रतेच्या विकारावरची औषधं, लहानपणी आलेली आकडी यांपैकी काही असेल तर फॉर्मवर ‘नाही’ लिहायचा मोह होतो. मेडिकल पास व्हावं म्हणून कुणाला न सांगता औषध बंद करणारेही आहेत. हे दोन्ही करू नका. आधी विमानचालनाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांशी बोला, जुने रिपोर्ट गोळा करा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र घ्या आणि मग अर्ज करा. पूर्ण कागदपत्रांसह गेलेलं प्रकरण लांबलं तरी सुटण्याची शक्यता असते. लपवलेली गोष्ट नोकरी लागल्यावर बाहेर आली तर परवानाच धोक्यात येतो.

पदवी म्हणजेच परवाना असं समजणं

विद्यापीठ पदवी देतं आणि परवाना त्या देशाची विमानचालन नियामक संस्था देते. ही दोन वेगळी दारं आहेत. नावांमुळे गोंधळ वाढतो. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगमध्ये विमान कसं घडवायचं ते शिकवतात, एव्हिएशन मॅनेजमेंटमध्ये विमानतळ आणि एअरलाइन कशी चालवायची ते. या दोन्ही पदव्या घेऊन तुम्ही एकही तास न उडता बाहेर पडू शकता. उड्डाणाचं प्रशिक्षण ज्यात अंतर्भूत आहे अशा पदव्या वेगळ्या असतात. त्यातही प्रशिक्षण विद्यापीठाच्या स्वतःच्या विमानांवर आहे की करार केलेल्या फ्लाइंग स्कूलमध्ये, उड्डाणाचा खर्च फीमध्ये धरलेला आहे की वेगळा, आणि शेवटी हातात नेमका कोणता परवाना पडतो, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत क्वचितच असतं. ते लेखी विचारा.

पदवीचा उपयोग नाही असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. बहुतेक नियामक परवान्यासाठी पदवी मागत नाहीत हे खरं. पण मेडिकल गेलं किंवा भरती थंडावली तर पदवी आधाराला उभी राहते. आणि अमेरिकेत तर पदवीमुळे थेट तास वाचतात. तिथे एअरलाइन पायलटला एरवी १५०० तास लागतात. मान्यताप्राप्त संस्थेतून विमानचालनात चार वर्षांची पदवी घेतली आणि विमानचालनाची ६० क्रेडिट्स पूर्ण केली, तर १००० तासांवर मर्यादित एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचा मर्यादित परवाना, मिळू शकतं. दोन वर्षांच्या पदवीवर, किंवा क्रेडिट्स ३० ते ६० च्या दरम्यान असतील तर, १२५० तास लागतात.

इथेच मुलं फसतात. ही सवलत नुसत्या पदवीवर मिळत नाही. कमर्शिअल परवान्याचं (पैसे घेऊन उडवण्याचा परवाना) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर उडवण्याची पात्रता) वर्गातलं, म्हणजे ग्राउंड प्रशिक्षण त्याच संस्थेच्या मान्य अभ्यासक्रमात व्हावं लागतं आणि उड्डाण प्रशिक्षण त्या संस्थेत किंवा तिच्याशी रीतसर करार असलेल्या स्कूलमध्ये. सुट्टीत दुसरीकडे स्वस्त मिळालं म्हणून कुणी इन्स्ट्रुमेंट रेटिंग बाहेर उरकतं आणि ५०० तासांची सवलत हातची घालवतं. पदवीच्या मध्यावर कॉलेज बदलणाऱ्यांचंही हेच होतं. बदल करण्याआधी नव्या संस्थेकडून लेखी घ्या की तुमची क्रेडिट्स आणि प्रशिक्षण या सवलतीसाठी धरलं जाईल.

परवाना एका ठिकाणचा, नोकरी दुसऱ्या ठिकाणी

आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन संघटना, म्हणजे इकाओ, किमान पातळी ठरवते. कमर्शिअल परवान्याला २०० तास, सलग मान्य अभ्यासक्रम असेल तर १५०. त्यावर प्रत्येक नियामक आपले नियम चढवतो. अमेरिकेत एफएए, युरोपात इयासा, भारतात डीजीसीए. एकाचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाही. अमेरिकेचा कमर्शिअल परवाना घेऊन युरोपात नोकरी करायची तर १३ विषयांच्या लेखी परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, मेडिकल तिथलं लागतं आणि उड्डाण चाचणीही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचा परवानासुद्धा इयासापासून वेगळा झाला.

म्हणून आधी ठरवा की काम कुठे करायचं आहे आणि तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे का. मग त्या नियामकाच्या परवान्याकडे नेणारी संस्था शोधा. सुंदर कॅम्पस बघून उलट्या दिशेने निघालेल्यांची दोन वर्षं नुसती रूपांतरात जातात.

एमपीएल, म्हणजे मल्टी-क्रू पायलट लायसन्स, या परवान्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कॅडेट योजनांच्या जाहिरातीत तो फार आकर्षक दिसतो. इकाओने तो २००६ मध्ये आणला. प्रत्यक्ष उड्डाण आणि सिम्युलेटर मिळून २४० तास, आणि सुरुवातीपासून दोन वैमानिकांच्या कॉकपिटचं शिक्षण. पद्धत म्हणून मला ती आवडते. पण हा परवाना एका एअरलाइनच्या गरजेशी बांधलेला असतो. एअरलाइनने हात आखडता घेतला तर त्या परवान्यावर एकट्याने व्यावसायिक उड्डाण करता येत नाही, त्यामुळे छोटी कामं करत तग धरण्याचा नेहमीचा मार्गही बंद होतो. सही करण्याआधी विचारा: एअरलाइनने माघार घेतली तर माझं प्रशिक्षण कोण, कोणत्या परवान्यापर्यंत पूर्ण करून देणार?

तासांच्या मागे धावणं

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे उड्डाण कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग घटला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याचा, इशारा आला आणि कॅप्टनने नाक खाली दाबण्याऐवजी कंट्रोल मागे ओढला. याच अपघातानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागली. पण त्या कॉकपिटमधल्या दोघांचेही तास १५०० पेक्षा जास्त होते. मी हे वर्गात दरवर्षी सांगतो.

तास भरावेच लागतील, त्याला पर्याय नाही. पण एकाच विमानतळाभोवती स्वच्छ हवेत घिरट्या घालून भरलेले १००० तास आणि वेगवेगळ्या हवेत, अनोळखी धावपट्ट्यांवर, रात्री, उपकरणांवर उडवलेले १००० तास लॉगबुकात सारखे दिसले तरी मुलाखतीत आणि सिम्युलेटर चाचणीत फरक उघडा पडतो. दर महिन्याला एक उड्डाण असं ठेवा ज्यात काहीतरी नवीन असेल.

लॉगबुक मात्र त्याच दिवशी लिहा. पायलट-इन-कमांड, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचं), क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे), रात्र, इन्स्ट्रुमेंट या रकान्यांची प्रत्येक नियामकाची व्याख्या थोडी वेगळी असते. विमानाचे तास उड्डाणासाठी जागचं हलल्यापासून उड्डाणानंतर शेवटचं थांबेपर्यंत मोजतात. सिम्युलेटरचा वेळ वेगळ्या रकान्यात जातो. बेरीज चुकलेली आढळली तर जुनी नोंद खाडाखोड करून पुसू नका. रेघ मारून दुरुस्ती लिहा आणि सही करा. विमानाच्या नोंदवहीशी न जुळणारे तास एअरलाइनच्या पडताळणीत सापडतात, आणि तेव्हा ‘घाईत लिहिलं’ हे उत्तर कुणी ऐकत नाही.

प्रश्नसंच पाठ करणं

युरोपातल्या त्या १३ विषयांत प्रत्येकी ७५ टक्के लागतात, एका विषयाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि पहिल्या प्रयत्नापासून १८ महिन्यांत सगळं संपवायचं. या दडपणाखाली मुलं थेट प्रश्नसंचाला भिडतात. पासही होतात. मग मुलाखतीत कुणीतरी साधं विचारतं, ‘वजन वाढलं की स्टॉलचा वेग का वाढतो?’ आणि समोर शांतता. आधी विषय समजून घ्या, स्वतःच्या हाताने आकृती काढा, मग सरावाला प्रश्न सोडवा.

‘ह्यूमन फॅक्टर्स’, म्हणजे माणूस कसा वागतो आणि कुठे चुकतो, हा विषय तर मुलं सोपा म्हणून सोडूनच देतात. १९७७ मध्ये टेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ एक डीसी-८ चाकांचा बिघाड शोधता शोधता इंधन संपून कोसळलं. दोन्हीकडे कॅप्टन अनुभवी होते आणि दोन्हीकडे शेजारच्या माणसाची शंका वेळेवर ऐकली गेली नाही. या विषयाचं पुस्तक अशाच अपघातांतून लिहिलं गेलं आहे.

प्रशिक्षणात अडलात तर

लँडिंग जमत नाही ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार. बहुतेक वेळा दोष शेवटच्या दहा फुटांत नसतो. ॲप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा, वेग पाच-सात नॉट जास्त असतो, त्यामुळे विमान धावपट्टीवर तरंगत राहतं आणि विद्यार्थी कंट्रोलशी झटापट करतो. आधी वेग आणि उतार स्थिर करा. मग धावपट्टीवर आलात की नजर चाकांसमोरच्या डांबरावर न ठेवता धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. उंचीचा अंदाज तिथूनच येतो. ॲप्रोच स्थिर नसेल तर फेरी मारून परत या. त्यात कमीपणा नाही.

दोन धड्यांमध्ये तीन-तीन आठवड्यांची फट पडत असेल तर प्रत्येक वेळी अर्धा धडा मागचं आठवण्यात जातो. आठवड्यात दोन-तीनदा उडता येईल इतके पैसे आणि वेळ जमेपर्यंत सुरुवात लांबवलेली परवडते. इन्स्ट्रक्टर वारंवार बदलत असतील तर प्रत्येक उड्डाणानंतरचे शेरे स्वतःच्या वहीत लिहून नव्या इन्स्ट्रक्टरला दाखवा. पटत नसेल तर मुख्य इन्स्ट्रक्टरशी मोकळेपणाने बोला, मनात कुढत बसू नका.

चेकराइडमध्ये, म्हणजे परीक्षकासोबतच्या उड्डाण परीक्षेत, एखादा भाग राहिला तर करिअर संपत नाही. एअरलाइन विचारेलच. तेव्हा काय चुकलं, त्यावर काय केलं, हे दोन वाक्यांत खरं सांगा. अपयश लपवणारा उमेदवार मात्र बाद होतो.

पैशांबद्दल एकच सांगतो. पूर्ण रक्कम एकदम भरू नका. फ्लाइंग स्कूल बंद पडली की आगाऊ भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण असतं. टप्प्याटप्प्याने भरा, आणि अंदाजपत्रक किमान तासांवर नव्हे तर त्याहून बऱ्याच जास्त तासांवर मांडा, कारण किमान तासांत फार थोड्यांचं पूर्ण होतं.

परवाना मिळाल्यावर थांबणं

कमर्शिअल परवाना आला, अर्ज पाठवले, आता फोनची वाट पाहायची. हा काळ सहा महिन्यांचा असू शकतो किंवा दोन वर्षांचाही, आणि तेवढ्यात हातातलं कौशल्य गंजतं. युरोपात इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत एक वर्ष असते. अमेरिकेत उपकरणांवर उडवायचं तर मागच्या सहा महिन्यांत सहा ॲप्रोच केलेले असावे लागतात. टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एका विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी, स्वतःचे पैसे ओतण्याआधी हे रेटिंग जिवंत ठेवायला पैसे राखून ठेवा. नोकरीची हमी नसताना एका विमानाचं टाइप रेटिंग घेऊन बसलेल्यांना एअरलाइन ‘या विमानावर तास किती?’ असं विचारतात.

जमलं तर इन्स्ट्रक्टर व्हा. तास मिळतात म्हणून बरेच जण या कामाकडे वळतात, पण माझ्या मते त्याहून मोठी कमाई वेगळी आहे. शेजारी बसलेला विद्यार्थी केव्हा चुकणार हे तो चुकायच्या आधी ओळखायला तुम्ही शिकता. पुढे एअरलाइनमध्ये मॉनिटरिंग पायलट म्हणून उजव्या सीटवर बसाल, तेव्हा डाव्या सीटवरच्या माणसाकडे बघताना हीच नजर लागते.