पाचजणींचं व्हेनिस: चित्रं काढायला परदेशी जायचं असेल तर

आधी माणसं मोजा. आम्ही पाचजणी गेलो, त्यात दोन जास्तच झाल्या. १९१४ च्या एप्रिलमध्ये पाउल क्ले, ऑगस्ट माके आणि लुई मोयिए असे तिघंच चित्रकार उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसला गेले, आणि क्लेला रंग सापडला तो तिथे. (माके त्याच वर्षी सप्टेंबरात युद्धात मारला गेला. ते कळल्यापासून त्याची ट्युनिसची जलरंगातली चित्रं मला नुसती बघवत नाहीत.)

शेंगेन व्हिसासाठी (इटलीसकट बऱ्याच युरोपला चालतो तो) प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाकी एजंट सांगेल.

सामानाचं मात्र नीट ऐका. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तैलरंगवाल्यांनी मुकाट जलरंग घ्यावेत. कटर चेक-इनमध्ये टाका. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, पण लहान. मी मोठे ताव नेले आणि पुलांच्या पायऱ्या चढता-उतरता स्वतःलाच शिव्या घातल्या. तिथे रिक्षा नाही, ओझं आपलंच. कालव्याकाठच्या दमट हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, वाळता वाळत नाही, म्हणून वह्या दोन ठेवा.

सकाळी शेजारी शेजारी बसू नका, शेजारणीचा निळा आपल्या कागदावर उतरतोच. आम्ही उजाडताच पांगायचो. मी रियाल्तोच्या मासळीबाजारात. रात्री सगळी चित्रं पलंगावर मांडायची, आणि पहिली दहा मिनिटं कुणी ‘छान’ म्हणायचं नाही. या नियमावरून एकदा रडारड झाली, तरी तो ठेवाच.

खर्चाचा हिशेब एकीच्याच हाती द्या. फक्त माझ्याकडे नको.