जैविक डेटाबेस वापरताना या चुका टाळा

पंचगंगेकाठच्या उसाच्या मुळांलगतच्या मातीतून जिवाणू वेगळा करायचा, त्याच्या १६एस आरआरएनए जनुकाचा (जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा) डीएनए-अक्षरांचा क्रम बाहेरच्या प्रयोगशाळेतून काढून आणायचा आणि तो ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या साधनात टाकून सर्वांत वर येणारे नाव प्रबंधात उतरवायचे, ही कोल्हापुरातील एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली पद्धत आहे. घोटाळा बहुधा शेवटच्या पायरीवर होतो.

वर आलेले नाव म्हणजे निर्णय नव्हे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या जेनबँक या सार्वजनिक क्रमसंग्रहात क्रम पाठवणाऱ्याने लिहिलेले नावच बहुतेक वेळा कायम राहते, आणि युरोपातील ईएनए व जपानमधील डीडीबीजे या तशाच संग्रहांशी नोंदींची रोज देवाणघेवाण होत असल्यामुळे एखादे चुकीचे नाव तिन्ही ठिकाणी दिसले, तरी साक्षीदार एकच असतो. म्हणून जुळणी टाइप स्ट्रेनच्या (ज्यावरून प्रजातीचे नाव ठरते त्या अधिकृत नमुन्याच्या) १६एस संग्रहाशी करावी. साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर प्रजातीचे नाव लिहू नये. जास्त असले तरी निश्चिंत होऊ नये. बॅसिलस थुरिंजिएन्सिस कीडनाशक म्हणून पिकावर फवारला जातो, तर बॅसिलस सेरिअसमुळे अन्नविषबाधा होऊ शकते. तरीही दोघांचे १६एस जवळजवळ सारखेच असते. अशा वेळी दुसऱ्या जनुकांचा आधार घ्यावाच लागतो.

ब्लास्टच्या निकालात ई-व्हॅल्यू शून्य दिसली की समाधान मानणे हीदेखील नेहमीची चूक आहे. तेवढ्या आकाराच्या डेटाबेसमध्ये जुळणीचे असे गुण निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळतील, एवढेच हा आकडा सांगतो, आणि लांब १६एस क्रमाला तर अनेक प्रजातींपुढे शून्यच येते. पाहायचे ते क्रमाचा किती भाग जुळला आणि किती टक्के जुळला. जुळलेला भाग कमी निघाल्यास आधी क्रोमॅटोग्राम (क्रमवाचनाचा आलेख) उघडावा. दोन्ही टोकांची अस्पष्ट अक्षरे छाटली नसल्याचे बऱ्याचदा तिथेच कळते.

प्रथिनांसाठी युनिप्रॉट हा डेटाबेस वापरताना नोंद तज्ज्ञांनी तपासलेल्या स्विस-प्रॉटमधील आहे की संगणकाने आपोआप माहिती जोडलेल्या ट्रेम्बलमधील, हे पाहावे.

एक्सेलचाही एक उपद्रव आहे. ‘सेप्ट २’ किंवा ‘मार्च १’ अशी मानवी जनुकांची नावे तो तारखा समजून बदलून टाकत असे. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. जुन्या तक्त्यांवर काम करताना तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

शोधाची तारीख आणि ॲक्सेशन क्रमांकाच्या (डेटाबेसमधील नोंदीच्या क्रमांकाच्या) टिंबापुढचा आवृत्तीचा आकडा, दोन्ही वहीत टिपून ठेवावेत, कारण संग्रह सतत वाढत असल्याने परीक्षकांनी वर्षभराने हाच क्रम पुन्हा टाकला, तर सर्वांत वर दुसरेच नाव येऊ शकते.